डब्यातली लग्नपत्रिका

म्हातारपणी राग बरा नव्हे म्हणतात. डोळ्याच्या डॉक्टरनं मला बजावलं होतं, मोतीबिंदू काढलाय, महिनाभर वाकायचं नाही, जड उचलायचं नाही, बारीक काही बघत बसायचं नाही. चिडायचं नाही असं मात्र तो बोलला नव्हता. म्हणून बाकीचं सगळं पाळायचं ठरवलं आणि तेवढं एक ठेवलं. पुढं बाकीचंही पाळता आलं नाही, तेच सांगायला बसलेय.

तेलगावात रस्त्याला लागून आमचं झेरॉक्सचं आणि लग्नपत्रिकांचं दुकान आहे. मालकांनी, म्हणजे आमच्या ह्यांनी, सुरू केलं, ते गेल्यावर मी चालवलं. सातवी शिकलेली बाई कंप्युटर काय चालवणार, असं ज्यांनी ज्यांनी म्हटलं त्यांच्या पोरापोरींच्या पत्रिका मीच केल्या. पहिला कंप्युटर जुनाच घेतलेला होता. तो बिघडायचा आणि कारागीर चार-चार दिवस यायचा नाही. आला की कंप्युटरच्या डब्याकडं तोंड आणि माझ्याकडं पाठ करून बसायचा, बाईनं बघून शिकू नये म्हणून. मी चहा घेऊन त्याच्या मागं उभी राहायची. चहा गार होईपर्यंत उभी राहायची. दोन-तीन वर्षांत मला समजलं की हा माणूस दर वेळी एकच काम करतो. वायरी काढतो, पुसतो आणि परत बसवतो.

मग मीच डबा उघडायला लागले. त्यात हार्डडिस्क नावाची एक वीट असते, सगळी कामं तिच्या पोटात. तिला दोन वायरी लागतात. एक विजेची, चार तारांची, एक पिवळी, एक लाल आणि मधल्या दोन काळ्या. दुसरी राखाडी पट्टी, तीन बोटं रुंद, तिच्या एका कडेला लाल रेघ. लाल रेघ विजेच्या वायरीकडं ठेवायची, ही एक गोष्ट कळायला मला एक उन्हाळा लागला. माझं माहेर मेंढरं राखणाऱ्यांचं. दुसऱ्याचा कळप आपल्यात मिसळला तरी ओळख पटावी म्हणून आमच्यात मेंढराच्या पाठीवर रंग लावतात. मी वायरींना नेलपॉलिश लावलं. वायरीच्या तोंडाला आणि ती जिथं बसते त्या घराला एकाच रंगाचा ठिपका. हार्डडिस्कला गुलाबी, सीडीच्या खणाला लाल. कारागीर एकदा ते बघून हसला होता. त्यानंतर त्याला बोलवायची वेळ आली नाही.

पुढं नवीन कंप्युटर आला. त्यात ही रुंद पट्टी बसायला जागाच नाही. चालू कामं तेवढी नव्यात घेतली आणि जुना डबा टेबलाखाली ठेवून दिला, जुन्या साडीचं झाकण घालून. होऊन गेलेल्या लग्नांच्या पत्रिका पुन्हा कोण मागणार? पण टाकला नाही. खंडेनवमीला कात्री, कटर, झेरॉक्सचं मशीन यांच्याबरोबर त्यालाही उघडून, पुसून हळदीकुंकू लावत आले. ज्यानं पोट भरलं त्याची पूजा चुकवायची नाही.

दिवाळी होऊन गेल्यावर एक दिवस एक बाई दुकानात आली. पस्तिशीची असेल. गावातलीच लेक, आईबाप ऊसतोडीला जाणारे. बराच वेळ ती नुसती काउंटरला हात लावून उभी होती. मी विचारलं, "झेरॉक्स का?"

"मावशी, माझी पत्रिका तुमीच केलती."

"केली असेल की. कधीची?"

"चौदा-पंधरा वर्सं झाली असतील."

तिचं लग्न शेजारच्या गावात झालेलं, चांगल्या जमीनजुमल्याच्या घरात. मूल झालं नाही म्हणून सहा वर्षांनी सासरच्यांनी माहेरी आणून घातलं. नवरा अधूनमधून येऊन भेटायचा, पण घरच्यांपुढं त्याचं चाललं नाही. पावसाळ्यात मोटारसायकलवरून पडून तो गेला. आता जमिनीला वारस लावायच्या वेळी त्याच्या चुलत्यानं अर्जात लिहून दिलं होतं की, मयत अविवाहित होता. हिनं हरकत घेतली तर म्हणाले, ही बाई कामाला ठेवलेली होती.

आधारकार्ड माहेरच्या नावाचं. लग्नाची नोंद कुणी केलीच नव्हती. अल्बम सासरच्या कपाटात. माहेरी एक पत्रिका देवापाशी ठेवलेली, ती सहा महिने घर बंद असताना उंदरांनी खाल्ली. मंडळ अधिकाऱ्यापुढं सुनावणी होती पुढच्या सोमवारी, आणि पुरावा काय, तर काही नाही.

"आणि जेवून गेलेली माणसं?" मी विचारलं. "दोन गावं जेवली असतील की."

"सगळ्याकडं जाऊन आले. कोन म्हनतं आठवत न्हाई. कोन म्हनतं, आमाला त्यांच्याच गावात ऱ्हायचंय."

तेव्हा पहिल्यांदा माझ्या कानशिलात शीर उडायला लागली. ज्या बुंदीवर ही माणसं हात मारून गेली, तिची चव एकवेळ विसरता येईल, पण ती कुणाच्या लग्नात खाल्ली हे कसं विसरतं?

ती म्हणाली, "मला जमिनीचं काय न्हाई मावशी. देतेत तर देतेत. पर ते म्हनतेत लगीनच झालं न्हाई. मंग सा वर्सं मी त्या घरात कोन व्हते?"

मी साडीचं झाकण काढलं. तिनं डबा उचलून टेबलावर ठेवला, मी जुना पडदा जोडला, बटण दाबलं. काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं आली आणि तिथंच थांबली. डिस्क सापडत नाही, असं सांगत होती. बंद करून तीनदा लावला, तीनदा तेच.

एरवी मी लगेच स्क्रू काढायला घेतले असते. पण एका डोळ्यावर हिरवी पट्टी, दुसऱ्याला अंधुक, आणि डॉक्टरचं बोलणं ताजं. त्यात सगळेच सांगत होते, आता तुमचं वय झालं, जमतं तेवढं करा. ऐकून ऐकून मलाही ते खरं वाटायला लागलं होतं, याचा राग वेगळाच. आम्ही दोघी रिक्षात डबा घालून तालुक्याला गेलो आणि एका दुरुस्तीवाल्याकडं दिला. तिथल्या खुर्चीवर बसलेला माणूस डब्याकडं बघूनच हसला.

"काकू, हे कुठल्या खोदकामात घावलं?"

"तुझ्या जन्माच्या आधीचं नाही," मी म्हटलं. "हार्डडिस्क लागत नाही. आतल्या फायली पाहिजेत. सोमवारच्या आत."

गुरुवारी फोन आला, घेऊन जा. गेलो तर म्हणाला, "डिस्क मेली. सगळं खोलून चेक केलं. आता कुनीबी आलं तरी उठत न्हाई ती."

बरोबरची बाई त्याला म्हणाली, "दादा, अजून एकदा बघा की. लई गरज हाय."

"ताई, मेलेल्याला अजून एकदा बघून काय व्हतंय?"

त्याला तिच्या नवऱ्याचं काही माहीत नव्हतं. पण तिनं लगेच टेबलावरचा डबा उचलून छातीशी धरला. परतीच्या रिक्षात डबा तिच्या मांडीवर होता आणि ती त्याच्यावर दोन्ही हात ठेवून बाहेर बघत होती. मी तोंडातल्या तोंडात त्या माणसाला काय काय म्हणत होते ते इथं लिहिण्यासारखं नाही.

शुक्रवारी सकाळी मी डोळ्यात थेंब घातले, तिला बोलावून घेतलं आणि म्हटलं, "उघडू. मेली असली तर तिचं तोंड तरी बघू."

चार स्क्रू काढून बाजूचा पत्रा सरकवला. तिला मोबाइलची बॅटरी धरायला सांगितली. मी वाकले. माझे गुलाबी ठिपके धुळीतही ओळखू आले. डिस्कवर ठिपका होता, पण त्याच्या जोडीचा ठिपका असलेली विजेची वायर जागेवर नव्हती. ती खाली लोंबत होती.

मला आधी कळेचना. मग कळलं. सगळं खोलून चेक केलं म्हणणाऱ्या माणसानं वायर उपसली होती आणि परत लावायची तसदी घेतली नव्हती. का घ्यावी? म्हातारी बाई आणि तिच्याबरोबर एक खेड्यातली बाई, या कशाला उघडून बघतात? मेली म्हटलं की रडत घरी जातील. त्याला डिस्क मेलेली दिसली नव्हती, समोर उभ्या असलेल्या आम्ही दोघी दिसलो होतो.

मी मोठ्यानं बोलायला लागले. ती घाबरून म्हणाली, "मावशी, डोळा."

"डोळा गेला चुलीत," मी म्हटलं.

विजेची वायर लावली. जुना डबा, घट्ट बसते, अंगठ्यानं रेटावी लागते. बटण दाबलं. या वेळी आतून डिस्क फिरल्याचा आवाज आला, जात्याच्या पहिल्या फेरीसारखा जड. जिवंत होती. मी त्या माणसाच्या सात पिढ्या मोजायला सुरुवात केली आणि तिसऱ्या पिढीला पडद्यावर पुन्हा तीच पांढरी अक्षरं आली. डिस्क सापडत नाही.

मग राहिली पट्टी. बटण बंद केलं, भिंतीतली पिनही काढली. पट्टीचं एक टोक खाली मदरबोर्ड म्हणतात त्या मोठ्या पाटीवर बसतं, ते नीट होतं. दुसरं टोक डिस्कच्या पाठीला. बोट फिरवून पाहिलं तर ते एका बाजूला टेकलेलं आणि दुसऱ्या बाजूला केसभर वर होतं. दाबलं, खाली जाईना. माझ्या बोटांना ते जाणवत होतं, पण डोळ्याला दिसत नव्हतं.

"तू काढ," मी तिला म्हटलं. "पट्टीला धरून ओढू नको, तुटेल. तोंडाच्या दोन्ही कडा चिमटीत धर आणि इकडून थोडं, तिकडून थोडं, असं हलवत वर घे."

कापूस वेचणारी बोटं. बोंडाला धक्का न लावता कापूस काढायची सवय. तिनं अलगद काढलं आणि बॅटरी आत धरून बघितलं.

"आत बारीक बारीक सुया हायत."

"त्या असतातच. वाकडी आहे का एखादी?"

"एक थोडी कलली हाय. आन मावशी, आत तांदूळ हाय."

"काय आहे?"

"तांदूळ. कुकवाचा."

मी खाली बसले. खुर्ची होती म्हणून खुर्चीवर, नाहीतर जमिनीवर बसले असते.

गेल्या खंडेनवमीला, ऑपरेशनच्या आधी, दोन्ही डोळ्यांपुढं धुकं असताना मी हा डबा उघडला होता. वायरी काढून पुसल्या होत्या. आणि त्या परत बसवायच्या आधीच हळदीकुंकू वाहून वरून चिमूटभर अक्षता टाकल्या होत्या. मग अंदाजानं, ठिपके चाचपत, वायरी बसवून दिल्या. चालू करून कोण बघतंय, डबा तर नुसता पूजेचा राहिला होता. मधल्या सुयांमध्ये पडलेला तो दाणा पट्टीच्या तोंडाखाली दोन महिने अडकून बसला होता. तो मी टाकलेला होता, दुरुस्तीवाल्यानं नव्हे.

रागाची एक गंमत असते. दुसऱ्यावर असला की अंगात बळ येतं. स्वतःवर आला की तोच राग गिळवत नाही. मी त्या माणसाला सकाळपासून शिव्या घालत होते. त्यातल्या अर्ध्या माझ्याच घरच्या निघाल्या. उरलेल्या अर्ध्या मात्र त्याच्याच, त्या मी परत घेतलेल्या नाहीत. त्यानं पट्टी काढून एकदा आत डोकावलं असतं तर त्याला तो तांदूळ दिसला असता. त्याचे डोळे चांगले होते.

शिवणाच्या सुईनं तिनं दाणा काढला. दुसऱ्या सुईनं कललेली सुई सरळ केली, मी फक्त "हळू, हळू" म्हणत होते. मग लाल रेघ विजेकडं, दोन्ही अंगठे दोन कडांवर, सारखा जोर. टक् असा बारीक आवाज झाला. बटण तिनंच दाबलं.

पांढरी अक्षरं आली आणि या वेळी पुढं सरकली.

पत्रिका मी गावाच्या नावानं ठेवायची, म्हणून शोधायला वेळ लागला नाही. उघडली. वर कुलस्वामिनी प्रसन्न, मध्ये त्याचं नाव, तिचं नाव, तिथी, मुहूर्त. खाली एका लहान पोराचं चित्र आणि "आमच्या मामाच्या लग्नाला यायचं हं" ही ओळ. फाइलीबरोबर तिचा शाळेचा दाखलाही होता. मुलीची अठरा वर्षं पूर्ण झाल्याचं बघितल्याशिवाय मी पत्रिका करत नव्हते, आणि बघितल्याची खूण म्हणून दाखल्याची कॉपी ठेवत होते. त्यावरून लोकांनी मला कमी बोल लावले नव्हते.

ती पडद्याजवळ गेली. दोघांच्या नावांवर बोट ठेवलं.

मला मात्र उजव्या कोपऱ्यातलं नाव दिसलं. चुलत्याचं. त्या वेळी तो पंचायतीत निवडून आला होता आणि पत्रिका तपासायला स्वतः दुकानात येऊन बसला होता. खुर्ची ओढून मला म्हणाला होता, "बाई, आमचं नाव नवरदेवापेक्षा बारीक कावून?" मी म्हटलं, लग्न नवरदेवाचं आहे. तो म्हणाला, "वाचनारा आधी आमाला बघतो. मोठं करा." मी मोठं केलं होतं. आता ते पडद्यावर तसंच होतं, नवरदेवाच्या नावाइतकं ठळक, पदासकट. त्याच माणसानं अर्जात लिहिलं होतं, मयत अविवाहित.

खाली निमंत्रक आणि कार्यवाहक म्हणून आणखी चौदा नावं होती. चौदाही जणांना आठवत नव्हतं.

मी म्हटलं, "पंधरा काढू. एक अधिकाऱ्याला, चौदा ह्यांना."

"त्यांना कशाला?"

"आमंत्रणाला. पत्रिका छापली की घरोघर जाऊन द्यायची असते. तुझ्या वेळी दिल्या होत्या, आता परत देऊ."

जुना प्रिंटर खोकत खोकत पंधरा काढून थकला. शनिवार-रविवार आम्ही दोघी दोन गावं फिरलो. प्रत्येक पत्रिकेला हळदीकुंकवाचं बोट लावलं. ती उंबऱ्याशी उभी राहायची, मी पत्रिका हातात द्यायची आणि वर दोन अक्षता ठेवायची. म्हणायची, "लग्नाला आला होतात, सोमवारी दहा वाजता मंडळ अधिकाऱ्याच्या कार्यालयात या."

एकानं पत्रिका घेऊन दार लावलं. एकाची बायको आपल्या नवऱ्याचं नाव बोटानं वाचून आत बघून ओरडली, "आवो, तुमचं नाव हाय की हिच्यात. तुमी तर म्हनला व्हता मला म्हाईत न्हाई." एकजण म्हणाला, "मावशी, कशाला म्हातारपणी भानगडीत पडता?" मी म्हटलं, "अरे बाबा, पत्रिका वाटायला आलेय, भानगड तुझ्या घरात आधीपासून होती."

शेवटचं घर नवऱ्याच्या मामाचं. थकलेला माणूस, बाजेवर बसलेला. त्यानं पत्रिका डोळ्यांजवळ धरली, दूर धरली. अक्षता मुठीत घेतल्या. हिच्याकडं बघितलंही नाही. आम्ही थोडं थांबलो आणि निघालो. वाटेत ती म्हणाली, "मामा येनार न्हाईत." मला तिच्यापेक्षा जास्त राग आला.

सोमवारी कार्यालयाच्या व्हरांड्यात चौदापैकी पाच जण आले. पाचांतले दोघं नुसते बघायला आले होते, हे त्यांच्या उभं राहण्यावरूनच कळत होतं. चुलता आत खुर्चीवर. अधिकाऱ्यानं पत्रिका आणि दाखला पाहिला आणि त्याला विचारलं, "हे नाव आपलंच ना?"

"छापायला काय, कुनाचंबी छापतेत."

मी दारातूनच म्हटलं, "मी छापलंय साहेब. हे समोर बसून होते. मोठं करा म्हणाले म्हणून मोठं केलं. नाहीतर इतकं मोठं कोण करतं?"

व्हरांड्यात कुणीतरी हसलं. चुलत्यानं मान वळवली, म्हणाला, "बाई, तुमचा काय संबंध?"

तेवढ्यात काठीचा आवाज आला. मामा नातसुनेच्या आधारानं पायऱ्या चढत होता. आत आला, दम घेतला. अधिकाऱ्यानं बसा म्हटलं तरी बसला नाही.

"मी भाच्याच्या मागं हुबा व्हतो," तो म्हणाला. "अंतरपाट पडला तवा मी मागं हुबा व्हतो. मामाबिगर लगीन लागतं व्हय साहेब?"

चुलता म्हणाला, "मामा, तुमाला आता काय आठवतंय?"

"तुमची बुंदी कमी पडली व्हती तेबी आठवतंय," मामा म्हणाला.

मग बाकीच्यांतल्या दोघांना आठवलं. तिसरा आपणहून पुढं आला. अधिकाऱ्यानं एकेकाचा जबाब घेतला. निकाल त्या दिवशी लागला नाही, अजूनही लागलेला नाही. तारखा चालू आहेत आणि चुलत्यानं वकील दिला आहे, त्यामुळं माझा राग अजून संपायला तयार नाही. पण त्या दिवशी तिचा जबाब लिहून घेताना कारकुनानं मान वर न करता विचारलं, "मयताशी नातं?"

ती म्हणाली, "बायको."

"पत्नी," कारकुनानं लिहिलं आणि पुढचा प्रश्न विचारला. ती त्या प्रश्नाचं उत्तर द्यायचं विसरली. कागदाकडं बघत राहिली. मी मागून कोपरानं ढोसलं तेव्हा कुठं बोलली.

बाहेर आल्यावर तिनं विचारलं, "मावशी, एखादी उरली का पत्रिका?"

पंधराच काढल्या होत्या, उरली नव्हती. दुकानात येऊन डबा चालू केला आणि तिच्यासाठी एक काढली. सांगितलं, देवापाशी ठेव, पण पत्र्याच्या डब्यात ठेव.

डोळ्याच्या डॉक्टरकडं गेले तेव्हा त्यानं विचारलं, वाकला होतात का? मी म्हटलं, एकदाच. त्या दुरुस्तीवाल्याकडं अजून जायचंय. तांदूळ कागदाच्या पुडीत बांधून ठेवलाय. त्याच्या टेबलावर ठेवीन आणि म्हणेन, हा माझा, चूक माझी. आणि लोंबणारी वायर कुणाची, ते तू सांग.